बी अणुभट्टीची मागची बाजू

अणुभट्टी म्हटलं की डोळ्यांसमोर घुमट येतो. हॅनफर्डच्या बी अणुभट्टीला घुमट नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठच्या कोरड्या झुडपी माळावर करड्या काँक्रीटचे ठोकळे एकावर एक रचावेत तशी ती इमारत आहे आणि शेजारी एक उंच धुराडं. आत एका मोठ्या दालनात बघायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. समोर एक भिंत. साधारण ११ मीटर रुंद, तेवढीच उंच, आणि तिच्यावर ओळींमागून ओळी २,००४ नळ्यांची टोकं. प्रत्येक टोकाला बूच, आणि त्यातून वेटोळं घेत निघालेली पाण्याची बारीक नळी. लोक आत येतात, बसतात आणि काही वेळ कुणी बोलत नाही, इतकी ती भिंत अंगावर येते.

हे अणुभट्टीचं तोंड. इथून युरेनियम आत ढकललं जायचं.

तिला पाठही आहे. आत जळून निघालेलं युरेनियम तिकडून बाहेर पडायचं, खाली सुमारे सहा मीटर खोल पाण्याच्या हौदात. तिकडे माणसाने उभं राहायचं नसायचंच. आजही बघायला आलेल्यांना तिकडे नेत नाहीत, आणि त्याला कारण आहे. पण या जागेच्या वारशाची गोष्टसुद्धा अनेक वर्षं अशीच तोंडाकडून सांगितली गेली. आत काय गेलं, कसं गेलं, कुणाच्या बुद्धीने गेलं, हे सगळं तपशिलात. बाहेर काय पडलं, ते मोघम. बी अणुभट्टी जपली हे योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ती अर्धीच जपली जाऊ नये, यासाठी हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं.

माळ रिकामा नव्हता

१९४२च्या डिसेंबरात लष्करातले अभियंते फ्रँकलिन मॅथायस विमानातून हा प्रदेश बघून गेले. अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेच्या गुप्त मॅनहॅटन प्रकल्पाला युरेनियमपासून बॉम्बचा माल, म्हणजे प्लुटोनियम, बनवण्यासाठी जागा हवी होती. नदीचं भरपूर थंड पाणी, ग्रँड कूली धरणाची वीज, मैलोन् मैल सपाट जमीन आणि विरळ वस्ती, सगळं इथे होतं. सरकारने सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली.

वस्ती विरळ होती म्हणजे नव्हती असं नाही. नदीकाठी व्हाइट ब्लफ्स आणि हॅनफर्ड ही दोन छोटी गावं होती. कालव्याच्या पाण्यावर सफरचंद, चेरी, पीच यांच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. बागाईतदार मंदीतून कसेबसे वर येत होते. १९४३च्या मार्चमध्ये त्यांना पत्रं आली. कारण एकच सांगितलं होतं, युद्धासाठी जमीन हवी आहे. कुणाला महिना मिळाला, कुणाला त्याहून कमी. सुमारे १,५०० माणसं उठली. भाव इतका कमी लावला होता की बऱ्याच जणांना कोर्टात जावं लागलं. गावच्या दफनभूमीतल्या कबरीसुद्धा उकरून प्रॉसर गावाजवळ हलवल्या गेल्या. झाडांवरचं फळ मात्र तिथेच राहिलं. ते वाया जाऊ नये म्हणून सरकारने तुरुंगातून कैदी आणले, जवळच त्यांची छावणी उभारली आणि त्यांच्याकडून बागा राखून घेतल्या. ज्याने झाड लावलं तो बाहेर आणि फळ उतरवायला कैदी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

या गावांच्याही आधीपासून नदी वानापम लोकांची होती. प्रीस्ट रॅपिड्सजवळ त्यांची वस्ती. व्हाइट ब्लफ्सला ते सॅमन धरायला यायचे. १८५५मध्ये याकामा, उमाटिला आणि नेझ पर्स या जमातींनी अमेरिकेशी करार केले आणि नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्यात राखून ठेवला. वानापमांनी करारावर सह्याच केल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, जमीन आणि नदी ही सही करून देण्याघेण्याची वस्तूच नव्हे. मॅथायस त्यांच्या म्होरक्याला भेटले, मासेमारीच्या बदल्यात पैसे देऊ केले. त्यांनी पैसे नाकारले. त्यांना मासेच धरायचे होते. सुरुवातीला ट्रकमध्ये बसवून त्यांना नदीवर नेऊन आणलं जायचं. पुढे तेही थांबलं.

आणि मग आले कामगार. १९४४च्या मध्यापर्यंत हॅनफर्डच्या छावणीत सुमारे ४५ हजार माणसं कामाला होती. आपण काय बांधतोय हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कामगार बऱ्या मजुरीच्या आशेने इतक्या लांब आले होते. त्यांच्या बराकी वेगळ्या, भोजनगृहं वेगळी. बांधकाम संपल्यावर जवळच्या रिचलंड गावातल्या सरकारी घरांत त्यांना जागा नव्हती, केनेविकमध्ये त्यांना राहू देत नसत. राहता येत होतं ते फक्त पास्को गावाच्या पूर्व टोकाला, जिथे धड पाणी आणि गटारंही नव्हती.

यंत्र

आता यंत्राबद्दल, कारण त्याचं मोठेपण मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

१९४२च्या डिसेंबरात शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या गटाने जगातली पहिली नियंत्रित साखळी-प्रक्रिया, म्हणजे एकामागून एक अणू फुटत जाण्याची क्रिया, घडवली तेव्हा तिची शक्ती एक दिवा लावण्याइतकीही नव्हती. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत हॅनफर्डला २५० मेगावॉट उष्णता पेलणारी भट्टी उभी राहिली. मधली पायरी म्हणून फक्त टेनेसीतल्या ओक रिजची एक लहान भट्टी. सुमारे हजार-अकराशे टन अतिशुद्ध ग्रॅफाइटचे ठोकळे तासून, एकावर एक बसवून भलामोठा ढिगारा रचला. त्यातून आडव्या २,००४ ॲल्युमिनियमच्या नळ्या ओवल्या. त्यांत युरेनियमच्या वीतभर लांबीच्या कांड्या, ॲल्युमिनियमच्या डब्यांत हवाबंद केलेल्या. कांड्यांच्या भोवतीच्या बारीक फटीतून नदीचं पाणी वाहायचं, मिनिटाला सुमारे २ लाख ८४ हजार लिटर. पाण्याचा दाब कमी झाला तर नळी वितळण्याची भीती, म्हणून नियंत्रण कक्षात एक अख्खी भिंत दाब दाखवणाऱ्या तबकड्यांची आहे. मनगटी घड्याळाएवढ्या तबकड्या, प्रत्येक नळीमागे एक, एकूण २,००४. एका काट्यानेही मर्यादा ओलांडली तर भट्टी आपोआप बंद. कंप्युटर नव्हता. ती भिंत आजही जशीच्या तशी आहे.

२६ सप्टेंबर १९४४च्या रात्री भट्टी पेटली. फर्मी तिथे होते. लिओना वुड्स मार्शल होत्या. त्या तिथल्या मोजक्या स्त्री भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक, त्यांच्यासाठी इमारतीत वेगळं स्वच्छतागृह बांधावं लागलं होतं. शक्ती हळूहळू वाढवत नेली आणि काही तासांत ती घसरायला लागली. प्रक्रिया आवरून धरणाऱ्या नियंत्रक सळया बाहेर ओढत गेले तरी घसरतच राहिली, आणि २७ तारखेच्या संध्याकाळी भट्टी विझली. गळती शोधली, सापडली नाही. मग काही तासांनी ती आपसूक पुन्हा जागी झाली, पुन्हा मंदावली.

उत्तर जॉन व्हीलर यांनी काढलं. युरेनियम फुटताना जे पदार्थ तयार होतात, त्यांतून झेनॉन-१३५ जन्माला येतो. तो न्यूट्रॉन, म्हणजे ही साखळी चालू ठेवणारे कण, अधाशासारखा गिळतो. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मा विरायला लागणारा वेळ, नऊ तासांच्या आसपास, म्हणून तो विरला की भट्टी सावरायची आणि चालू झाली की पुन्हा विषारायची. उपाय एकच, जास्त युरेनियम. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने १,५०० नळ्या पुरणार होत्या. पण बांधकाम ड्यूपाँ कंपनीकडे होतं, आणि तिचे अनुभवी अभियंते जॉर्ज ग्रेव्हज यांनी हट्टाने चारी कोपऱ्यांत आणखी ५०४ नळ्या टाकायला लावल्या होत्या. वेळेचा आणि पैशाचा अपव्यय म्हणून काही शास्त्रज्ञ तेव्हा चिडले होते. त्याच कोपऱ्यांतल्या नळ्या भरल्या आणि भट्टी चालू राहिली.

कारखान्यात काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट ऐकून बरं वाटेल. कागदावरच्या हिशेबापेक्षा हाताच्या अनुभवाने ठेवलेली फट कामी आली. मलाही ती फार आवडते. बी अणुभट्टी बघायला येणाऱ्यांना हा प्रसंग रंगवून सांगतात, आणि सांगायलाच हवा.

वाचली कशी

हॅनफर्डला एकूण नऊ अणुभट्ट्या झाल्या. शीतयुद्ध संपेपर्यंत त्यांनी सुमारे ६७ टन प्लुटोनियम बनवलं. बी त्यांतली पहिली. ती १९६८च्या फेब्रुवारीत थांबली ती कायमची, शेवटची भट्टी १९८७मध्ये. १९८९मध्ये केंद्रीय ऊर्जा विभाग, पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात त्रिपक्षीय करार झाला: आता ही जागा साफ करायची, आणि कोणतं काम कधीपर्यंत याच्या तारखा बांधायच्या.

अणुभट्ट्यांसाठी ठरलेली पद्धत अशी. गाभ्याभोवतीची बहुतेक इमारत पाडायची, गाभा काँक्रीटच्या भिंतींत तसाच ठेवायचा, वरून पोलादी छप्पर चढवायचं, दार जवळजवळ सील करून टाकायचं आणि ७५ वर्षांपर्यंत किरणोत्सार उतरू द्यायचा. तिकडे याला कोष म्हणतात, रेशमाच्या किड्याचा असतो तसा. १९९८मध्ये सी भट्टी पहिली कोषात गेली. मग डीआर, एफ, डी, एच, एन, आणि २०२२मध्ये के-ईस्ट. बीचा नंबरही लागणारच होता.

लागला नाही, याचं श्रेय मुख्यतः तिथल्याच निवृत्त कामगारांना आणि अभियंत्यांना. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बी रिॲक्टर म्युझियम असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या बाजूला एक जुना मान होता: यंत्र-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने १९७६मध्येच या भट्टीला ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरवलं होतं. १९९२मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत आली. पण नोंदवहीत नाव आल्याने पाडकाम थांबत नाही. या मंडळींनी आकृत्या जमवल्या, आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, आमदार-खासदारांचे उंबरे झिजवले. ऊर्जा विभागाचं म्हणणंही समजण्यासारखं होतं. आमचं काम जागा साफ करणं आहे, संग्रहालय चालवणं नव्हे. छपरावर घातलेला प्रत्येक डॉलर किरणोत्सारी कचऱ्याच्या गळक्या टाक्यांच्या कामातून जाणार. माझ्या मते ही या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक अडचण होती आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

२००८च्या ऑगस्टमध्ये बी अणुभट्टीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, दुसऱ्या वर्षीपासून नियमित दौरे सुरू झाले. २०१४च्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, संरक्षण खर्चाच्या कायद्यातच एक कलम घालून मॅनहॅटन प्रकल्प राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाला मंजुरी दिली. बॉम्ब जिथे घडवला ते लॉस अलामोस, ओक रिज आणि हॅनफर्ड, तीन राज्यांतल्या तीन जागांचं मिळून एक उद्यान. १० नोव्हेंबर २०१५ रोजी गृहखात्याच्या सचिव सॅली ज्युएल आणि ऊर्जा सचिव अर्नेस्ट मोनीझ यांनी करारावर सह्या केल्या.

(अमेरिकेचं गृहखातं म्हणजे पोलिसांचं नव्हे. जमिनी, जंगलं, राष्ट्रीय उद्यानं त्याच्याकडे असतात.)

या करारातली वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इमारत, तिची मालकी, सुरक्षितता, डागडुजी आणि आत कुणाला सोडायचं हे ऊर्जा विभागाकडे. गोष्ट सांगायचं काम राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. म्हणजे ज्या खात्याच्या पूर्वसुरींनी बॉम्बचा माल बनवला त्याच्याच हातात किल्ली, आणि गोष्ट सांगणारा पाहुणा. उद्यान सेवेला युद्धभूमी, गुलामांची घरं, युद्धात जपानी अमेरिकनांना डांबलेल्या छावण्या सांभाळण्याचा अनुभव आहे. एकाच जागेबद्दल दोन माणसांच्या दोन आठवणी असतात हे तिला कळतं. ती नसती तर हॅनफर्डला नुसतं यंत्रांचं प्रदर्शन झालं असतं, असं मला वाटतं.

देखभालही सोपी नाही. गाभा अजून किरणोत्सारी आहे, त्याला जाड आवरण आहे. इमारतीत जुना ॲस्बेस्टॉस, शिसं. काही भाग कायमचे बंद. वर्षानुवर्षं गळकं छप्पर ही मोठी डोकेदुखी होती, आणि अलीकडे डागडुजीच्या मोठ्या कामासाठी आतले दौरे थांबवावे लागले. तोफ किंवा किल्ला जपताना पावसाचं पाणी बाहेर ठेवलं की झालं. इथे पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतलं काही बाहेरही जाऊ द्यायचं नाही.

मागच्या बाजूने

समोरून नवी कांडी ढकलली की मागून जुनी हौदात पडायची. पाण्याखालीच ती गोळा करून काही आठवडे निवू द्यायची, मग जाड शिशाच्या पेटीत, रेल्वेने माळाच्या मध्यावर. तिथे टी प्लांट. सुमारे अडीचशे मीटर लांब, खिडक्या नसलेली काँक्रीटची इमारत. जहाजासारखी दिसते म्हणून कामगार अशा इमारतींना क्वीन मेरी म्हणायचे. आत कांड्या आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळं काढत. सगळं काम जाड भिंतीआडून, पेरिस्कोपमधून बघत, क्रेनने. एका टन युरेनियमामागे प्लुटोनियम मिळायचं काहीशे ग्रॅम. बाकीचं सगळं उरायचं.

जे उरलं ते जमिनीखालच्या टाक्यांत गेलं. अशा १७७ टाक्या आहेत. त्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी, रासायनिक गाळ आणि द्रव. १४९ टाक्यांना पोलादाची एकच भिंत, आणि त्यांतल्या कितीतरी गळल्या. हा कचरा काचेत घोटून घट्ट करायचा असं ठरलंय. ते काम कित्येक दशकं चालेल. राष्ट्रीय उद्यानाच्या यादीत टी प्लांटचंही नाव आहे, पण लोकांसाठी तो बंद आहे. म्हणजे मागच्या बाजूची सर्वांत महत्त्वाची इमारत वारसा म्हणून नोंदली गेली आहे, दाखवता मात्र येत नाही.

हवेत गेलं ते किरणोत्सारी आयोडीन-१३१. युद्धाच्या घाईत कांड्या पुरेशा निवू न देता विरघळवल्या, धुराड्यांना तेव्हा गाळण्या नव्हत्या. १९४४ ते १९५७ या काळात सात लाखांहून अधिक क्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) आयोडीन बाहेर पडलं असा नंतर अंदाज बांधला गेला, आणि त्यातलं बहुतेक १९४५मधलं. वाऱ्याने ते गवतावर, गाईने गवत खाल्लं, दूध मुलांच्या पेल्यात. १९४९च्या डिसेंबरात तर एक प्रयोग म्हणून मुद्दाम अर्धकच्च्या, म्हणजे नीट न निवलेल्या, कांड्या विरघळवून आयोडीन सोडलं. सोव्हिएत कारखान्यांचा माग हवेतून कसा लावायचा हे शिकण्यासाठी. वाऱ्याखालच्या शेतकऱ्यांना कुणी सांगितलं नाही. १९८६मध्ये ऊर्जा विभागाने सुमारे १९ हजार पानं खुली केली तेव्हा, म्हणजे ३७ वर्षांनी, लोकांना हे वाचायला मिळालं. पुढे, आयोडीन ज्या ग्रंथीत साठतं त्या थायरॉइडच्या आजारांचा मोठा सरकारी अभ्यास झाला. २००२च्या त्याच्या अहवालाने मात्रा आणि आजार यांचा संबंध दिसत नाही असं म्हटलं. वाऱ्याखालच्या अनेक कुटुंबांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही, खटले कित्येक वर्षं चालले. मला इथे निवाडा करायचा नाही. पण आपल्या मुलांच्या दुधात काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क त्या आयांना होता, याला अभ्यासाची गरज नाही.

नदीत गेलं ते पाणी. भट्टीतून एकदाच वाहून, तापून, थोडा वेळ टाकीत थांबून पुन्हा कोलंबियात. त्याबरोबर फॉस्फरस-३२ आणि जस्त-६५ हे किरणोत्सारी पदार्थ. जस्त शेकडो किलोमीटर वाहत गेलं आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या कालवांत, म्हणजे शिंपल्यांतल्या जिवांत, सापडलं. याच पाण्यातला सॅमन वानापम आणि याकामा लोक खात होते, इतर कुणाहीपेक्षा जास्त.

आणि प्लुटोनियम. पहिला साठा १९४५च्या फेब्रुवारीत लॉस अलामोसकडे निघाला. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात त्याची चाचणी झाली. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, सुमारे सहा किलो प्लुटोनियम असलेला बॉम्ब नागासाकीच्या उराकामी भागावर फुटला. वर्षाअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसं गेली.

रिचलंडच्या लोकांना आपण काय बनवत होतो हे ६ ऑगस्टला, हिरोशिमानंतर वर्तमानपत्रातून कळलं. आठ दिवसांनी गावच्या वर्तमानपत्राचा मथळा होता, शांतता, आमच्याच बॉम्बने ती पक्की केली. ज्यांचे मुलगे आणि भाऊ पॅसिफिकमध्ये लढत होते त्यांचा तो सुटकेचा निःश्वास खरा होता, तो मी खोटा ठरवणार नाही. तिथल्या हायस्कूलचे खेळाडू बॉम्बर्स म्हणवतात, त्यांच्या चिन्हात मशरूमचा ढग आहे. २०१९मध्ये त्या शाळेत वर्षभरासाठी आलेल्या एका जपानी विद्यार्थिनीने शाळेच्याच व्हिडिओत शांतपणे सांगितलं की त्या ढगात माणसं होती, मुलं होती. चिन्ह बदला अशी मागणी तिने केली नाही. तुम्हाला माझ्या बाजूने काय दिसतं ते माहीत असावं, एवढंच तिचं म्हणणं. उद्यान सेवेला जी गोष्ट सांगायची आहे ती याहून सोपी आणि चांगली कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही.

दोन टोकं

उद्यान होणार म्हटल्यावर जपानमधून काळजी व्यक्त झाली, की हा बॉम्बचा उत्सव तर होणार नाही ना. उद्यान सेवेने सुरुवातीलाच इतिहासकार आणि हिरोशिमा-नागासाकीच्या बाजूने बोलणाऱ्यांना बसवून चर्चा केली, आणि तेव्हापासून सेवेच्या सांगण्यात नागासाकी, विस्थापित बागाईतदार, मूळ रहिवासी, कृष्णवर्णीय कामगार या सगळ्यांना जागा मिळू लागली. हे श्रेय दिलंच पाहिजे. बी अणुभट्टीच्या दालनात मात्र माहिती देणाऱ्यांपैकी अनेक जण जुने कामगार किंवा अभियंते असत. त्यांना नळ्या, सळया, झेनॉन तोंडपाठ. माणूस ज्या यंत्रावर आयुष्य घालवतो त्याबद्दल प्रेमानेच बोलतो. त्यात दोष त्यांचा नाही. दोष रचनेचा, की मागच्या बाजूबद्दल बोलायला तिथे दुसरं कुणी उभं नसे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. हॅनफर्ड राष्ट्रीय उद्यान झालं २०१५च्या नोव्हेंबरात. २०१६च्या ऑक्टोबरात जपानने नागासाकीचे अणुबॉम्ब-अवशेष राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले. त्यात स्फोटकेंद्राची जागा आहे, शिरोयामा शाळेची उरलेली इमारत आहे, उराकामी कॅथेड्रलचा ढासळून खाली आलेला घंटाघुमट आहे, आणि सान्नो मंदिराची कमान. त्या कमानीचा एक खांब स्फोटात उडाला, दुसऱ्या एकाच खांबावर ती अजून उभी आहे. म्हणजे एकाच प्लुटोनियमची दोन टोकं, जिथे ते जन्मलं आणि जिथे फुटलं, अकरा महिन्यांच्या अंतराने दोन देशांनी वारसा ठरवली. दोन्हीकडे काँक्रीट आहे, दोन्हीकडे शाळा आहे. हॅनफर्डच्या हायस्कूलचाही नुसता सांगाडा उरलाय. मुलं १९४३मध्ये गेली आणि परत आली नाहीत. त्या दालनात, खुर्च्यांसमोर, त्या कमानीचा एक मोठा फोटो लावावा. शेजारी तारीख आणि वेळ. भाषण नको.

हा प्रश्न आपल्याही दारात येणार आहे. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी १९६०मध्ये सुरू झाली आणि २०१०च्या डिसेंबरअखेर कायमची बंद झाली. पोखरणच्या १९७४च्या चाचणीचं प्लुटोनियम तिच्यातलं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यांतली माणसं आज जिवंत आहेत, बोलू शकतात. हॅनफर्डला उठलेल्या माणसांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण फार उशिरा सुरू झालं. तोवर व्हाइट ब्लफ्सची पहिली पिढी बहुतेक गेली होती. आपल्याकडे ते आजच करता येईल, संग्रहालय केव्हा का होईना.

हॅनफर्डला आज त्या गावांच्या चार खुणा उद्यानात आहेत. दुरुस्त केलेली व्हाइट ब्लफ्सची बँक, हायस्कूलचा सांगाडा, कालव्याचं पंपघर, आणि ब्रुगेमन यांच्या शेतावरचं नदीतल्या गोट्यांनी बांधलेलं गोदाम. गोटे हातांनी निवडून, आकाराप्रमाणे चुन्यात बसवलेले. बीच्या भिंतीवरच्या नळ्यांच्या रांगांइतकीच त्या हातांत शिस्त होती. गोदाम बी अणुभट्टीपासून फार लांब नाही. पण ते बघायचं तर युद्धपूर्व स्थळांचा वेगळा दौरा घ्यावा लागतो. अणुभट्टीचा दौरा वेगळा, त्याची नोंदणी वेगळी. अणुभट्टीचा अधिक प्रसिद्ध. बरेच जण तेवढाच करून परततात आणि गोष्ट १९४४ला सुरू झाली असं समजून घरी जातात.

अणुभट्टीचे दौरे चालू असताना दोन्ही दौरे मोफत असत. दोन्ही बस रिचलंडच्या एकाच केंद्रावरून सुटत.